रत्नमालाची खोटी ओपीडी

बेगमपुऱ्यात आमच्या गल्लीत रत्नमाला खरातचं घर शोधावं लागत नाही. आठवड्यातून एक-दोनदा सकाळी तिथून आरडाओरडा ऐकू येतो. "लाइन सोडू नको! कागद हातात धर, पर्समधी नाय! पुढं सरक!" नवख्या माणसाला वाटतं भांडण चाललंय. भांडण नसतं, ओपीडी चालू असते. खोटी ओपीडी.

समोरच्या खोलीत शिलाई मशीन आहे. मशीनच्या मागे तिचे यजमान साहेबराव बसतात. ती केस पेपरची खिडकी. साहेबराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे खिडकीमागच्या माणसाचा तुसडेपणा त्यांना शिकवावा लागला नाही. "सुट्टे काढा, सुट्टे" हे अजून सवयीनं तोंडातून जातं. आतल्या खोलीला पडदा. पडद्यापलीकडे पलंगावर डॉक्टर, म्हणजे स्वतः रत्नमाला. गळ्यात जुना स्टेथोस्कोप, चेहरा आंबट. पेशंटकडे न बघताच विचारते, "हां, काय होतंय?" आणि पेशंट म्हणून दारापासून रांगेत उभ्या असतात बुरख्यातल्या येमेनी बायका, कडेवर पोरं घेऊन, हसावं की घाबरावं हे न कळलेल्या.

आमच्या विद्यापीठात येमेनहून मुलं शिकायला येणं जुनंच आहे. पुढे तिकडे युद्ध पेटलं. कुणाची शिष्यवृत्ती बंद झाली, कुणाचं गाव उरलं नाही, पासपोर्टांच्या मुदती संपल्या. बायको-मुलांसह आलेले इथेच अडकले. दिल्लीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीतून त्यांना निर्वासिताचं कार्ड मिळतं. ते दाखवलं की आपला माणूस उलटून पालटून बघतो आणि विचारतो, "आधार नाही का?"

रत्नमाला करमाडजवळच्या खेड्यातली. वडील खदानीवर दगड फोडत. नागसेनवनातल्या वसतिगृहात राहून ती शिकली, नर्स झाली आणि बहुतेक सगळी नोकरी चितेगावच्या उपकेंद्रात काढली. निवृत्त झाल्यावर बाई गप्प बसेल असं साहेबरावांना वाटलं होतं. एकदा ती पिठाच्या गिरणीत दळण घेऊन उभी असताना शेजारी एक येमेनी बाई होती. तिच्या बाळाचा दंड लशीच्या जागी टरारून सुजलेला. बाईला ते कुणाला दाखवायचं, कुठे, कधी, काहीच ठाऊक नव्हतं. रत्नमालानं दळण तिथेच ठेवलं आणि बाळ उचललं. त्या दिवशी साहेबराव भात खाऊन झोपले.

पण ती सगळ्यांना हाताला धरून आत नेत नाही. दवाखान्याच्या दारापर्यंत जाते आणि बाहेर बाकावर बसते. मी एकदा म्हटलं, "अगं, आत जाऊन दोन वाक्यं बोललीस तर तुझं काय जातं?"

"आन् मी मेल्यावर? माझा फोटू घेऊन जाणारेत का ओपीडीत?" ती म्हणाली. "मॅडम, तुम्ही कॉलेजात पोरांचे पेपर स्वतः लिहीत होता काय?"

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. या उद्योगात माझं काम दिल्लीहून आलेले इंग्रजी कागद वाचून दाखवायचं, आणि इतर वेळी गप्प बसायचं. माझं इंग्रजी ऐकलं की डॉक्टर बिथरतात असं रत्नमालाचं मत आहे.

खोट्या ओपीडीत ती सगळं घोकून घेते. ताप किती दिवस, जुलाब किती वेळा, आधी कुठली गोळी दिली. सगळ्यात जास्त एकच गोष्ट बजावते, की डॉक्टरपासून काही लपवायचं नाही. जे घरात केलं, ते सगळं सांगायचं, दाखवायचं. चितेगावला तिनं बायका लपवण्यापायी मेलेल्या बघितल्या होत्या. कुणी सुईणीचं औषध लपवलं, कुणी पोट पाडल्याचं. ती चिडून सांगायची, "डाक्टर वरडला तर वरडू दे. वरडून कुणी मरत नाय. लपवून मरतं."

हिमायतबागेच्या अलीकडे दोन खोल्यांत नबील राहायचा. रसायनशास्त्रातली पीएच.डी. घेतलेला, मितभाषी माणूस. परत जायला देश नाही आणि इथे नोकरी करायला परवानगी नाही. घरी तव्याएवढ्या मोठ्या रोट्या भाजून तो येमेनी पोरांना पोचवायचा. बायको अरवा. हिंदी तुटकमुटक, पण घोकायला पक्की. आणि त्यांची मुलगी बुशरा, दुसरीत. ती उर्दू शाळेत जायची आणि आमच्या गल्लीतल्या पोरांसारखीच दखनी झाडायची. साहेबरावांचा तिकिटं टोचायचा जुना चिमटा तिनं पहिल्याच दिवशी ताब्यात घेतला होता. उजव्या हातात धरून सारखी टकटक, टकटक.

"कंडक्टर नाना, एक हाफ देव."

"कुठलं?"

"ताइझ का."

"ताइझला गाडी नाय. करमाडपर्यंत सोडतो."

"फिर वहाँ से पैदल जाती मैं," असं म्हणून ती मशीनच्या कडेवर टक करून तिकीट टोचायची. ताइझ हे तिच्या आईचं गाव. तिनं ते कधी पाहिलेलं नव्हतं.

या पोरीला मधूनमधून हातपाय दुखायचे, डोळे पिवळे व्हायचे. गल्लीच्या डॉक्टरनं काविळीची गोळी दिली, बरं वाटलं, पुन्हा झालं. रत्नमालाला संशय आला. "ही नुसती कावीळ नाय. रक्तातलंच काहीतरी दिसतंय. मोठ्या दवाखान्यात दाखवू." अरवाची उजळणी घेतली. अरवा पडद्याआड आली, बसली आणि न अडखळता म्हणाली, "नाम बुशरा. उमर सात. हाथ-पैर दर्द. आँख पीली. पेशाब लाल." रत्नमालानं डॉक्टरचा आंबट चेहरा सोडून तिचा गाल ओढला.

त्या रात्री बुशराला ताप चढला. सकाळी तिला नेलं, शहरातल्या एका दवाखान्यात. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण हे कुठेही घडलं असतं. रत्नमाला नेहमीसारखी बाहेरच्या बाकावर बसली. अरवा एकटी आत गेली. केस पेपर, रांग, डॉक्टर, रक्ततपासणी, बुशराला वॉर्डात कॉट, सगळं एकटीनं केलं. दुपारी ती रक्ताच्या नमुन्याची बाटली आणि रक्तपेढीची चिठ्ठी घेऊन बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा परीक्षेत पास झालेल्या पोरीसारखा होता.

"आंटी, सब बोला. सब दिखाया. कुछ नहीं छुपाया."

"शाब्बास माझी वाघीण!" रत्नमालानं चिठ्ठी वाचली आणि तिचं हसू गेलं. हिमोग्लोबिन चार. सिकलसेल, म्हणजे जन्मापासूनचा रक्तातला दोष. ताबडतोब रक्त द्यायचं होतं. हे रक्त आज चढलं नाही तर पोर हाती लागायची नाही, हे कळायला तिला डॉक्टरची गरज नव्हती. तिनं अरवाला परत वॉर्डात पिटाळलं आणि स्वतः बाटली घेऊन आवारापलीकडच्या रक्तपेढीकडे धावली. धावली म्हणजे काय, गुडघे गेलेत तिचे. पण गेली.

अरवानं आत काय दाखवलं होतं, ते तिला माहीत नव्हतं. मलाही नंतर कळलं.

रात्री ताप चढल्यावर अरवानं ताइझला आपल्या आईला व्हिडिओ लावला होता. आजीनं नातीचे पिवळे डोळे फोनमधून पाहिले आणि सांगितलं, डाग दे. त्यांच्याकडे काविळीला पोटावर तापल्या लोखंडाचा डाग देतात. आजी तिकडून सांगत होती, अजून वर, अजून डावीकडे, हां, आता. आणि अरवानं, फोन डब्याला टेकवून, रडत रडत चमच्याचा दांडा गॅसवर लाल केला. सकाळी तपासणाऱ्या डॉक्टर मुलीनं विचारलं, आधी काय उपचार केला? अरवानं शिकवल्याप्रमाणे फ्रॉक वर केला. "ये मैंने दिया."

डॉक्टर मुलगी तरुण होती. लहान मुलाच्या अंगावर भाजल्याच्या ताज्या खुणा, आणि आई म्हणते मी केलं. तिला जे शिकवलं होतं तेच तिनं केलं, पोलीस केस लिहिली. तिचा मला राग आला, अजून येतो, पण तिनं काय करायला हवं होतं ते मला आजही सांगता येत नाही.

दवाखान्याच्या चौकीतला हवालदार वॉर्डात आला. तेवढ्यात रोट्या पोचवून नबीलही आला. हवालदारानं पासपोर्ट मागितला, नबीलनं कार्ड दिलं.

"हे काय आहे? व्हिसा कुठंय?"

"सर, वॉर है उधर. ये यूएन का है."

"ते राहू दे. बायकोनं पोरीला जाळलंय. जबाब द्यावा लागल. पोरगी कदाचित बालगृहात जाईल. साहेब येईपर्यंत कुठं जायचं नाय."

हवालदार साहेबांना फोन लावायला व्हरांड्यात गेला. नबीलच्या देशात गणवेशातल्या माणसांनी थांबायला सांगितलेले त्याचे दोन भाऊ परत आले नव्हते. त्यानं बुशराला चादरीसकट उचललं, अरवाचा हात धरला आणि मागच्या फाटकातून निघून गेला.

रत्नमाला रक्ताची पिशवी पदराखाली धरून वॉर्डात आली, तर कॉट रिकामी. सिस्टरनं सगळं सांगितलं. तिथून तिनं मला फोन केला. मी तिला इतक्या वर्षांत रडताना ऐकलेलं नाही. त्या दिवशीही ती रडत नव्हती. नुसतं म्हणत होती, "मॅडम, मीच शिकवलं हो तिला. मीच शिकवलं."

"ते मागाहून बघू. गेले कुठे ते बोल," मी म्हणाले. मला अशा वेळी गोड बोलता येत नाही.

आम्ही हिमायतबागेला गेलो. घराला कुलूप. खिडकीतून आत दिसत होतं, परातीतलं पीठ फुगून कडेबाहेर आलेलं, त्यावरचं फडकं वर उचललेलं. फोन बंद. शेजारच्या येमेनी पोरांनी ओठ घट्ट मिटून घेतले. त्यांनाही त्यांच्या व्हिशाची काळजी. मी त्यांना इंग्रजीत सुनावलं, म्हटलं मुलगी मरेल आणि तुम्ही खाली बघत बसा. ते खालीच बघत बसले.

रत्नमाला पायरीवर बसली. दवाखान्यात परत ठेवून आलेल्या त्या रक्ताला पण मुदत असते, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. "ज्याला घर नाय तो कुठं जाईल?" ती स्वतःशीच म्हणाली. "जिथं मी कुणाला घर बघून दिलं तिथं."

वजदी नावाच्या नबीलच्या मित्राला तिनं मागच्या वर्षी चितेगावात खोली मिळवून दिली होती, गोजरबाईकडे. गोजरबाईची तिन्ही बाळंतपणं रत्नमालाच्या हातची. तिनं फोन लावला.

"व्हय नर्सबाई, आलेत की," गोजरबाई म्हणाली. "रिक्षातून उतरले आन् आतून कडी लावली. पोरगी लई निपचित हाय. म्या च्या दिला तर कुणी घेईना. काय, चोरीबिरीचं लफडं नाय ना?"

"नाय गं. त्यांना हलू देऊ नको. मी निघाले."

पैठण रस्त्यावर ट्रकांच्या मागे आमची रिक्षा अडकत अडकत गेली. मी रिक्षावाल्यावर ओरडत होते, तो ट्रकवाल्यांवर.

गोजरबाईच्या वाड्याच्या मागच्या अंगाला वजदीची पत्र्याची खोली. मी दार बडवलं. आतून नबील म्हणाला, "आंटी, आप जाओ."

"नबील, रक्त तयार आहे. दोन तासांचं काम आहे. दार उघड," मी म्हणाले.

"रत्नमाला आंटी, आपने बोला था सब बताओ. उसने सब बताया. अब पुलिस बोलता है माँ ने बच्ची को जलाया. माँ को जेल, बच्ची को अनाथालय, मेरे को एअरपोर्ट. कल सुबह दूसरे शहर ले जाऊँगा. उधर कुछ नहीं बताएँगे."

"सकाळपर्यंत ती..." मी बोलायला लागले. रत्नमालानं माझ्या दंडावर हात ठेवला. मग ती दारासमोर मातीतच बसली, मांडी घालून, आणि तिचा तो आंबट, कंटाळलेला आवाज काढला.

"पेशंटचं नाव?"

तिनं बोटानं दार वाजवलं.

"लाइन लई मोठी हाय बाई, लवकर बोल. पेशंटचं नाव?"

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. गोजरबाईनं तोंडाला पदर लावला. आणि आतून अरवाचा आवाज आला, बारीक, घोकलेला.

"बुशरा."

"उमर?"

"सात."

"काय होतंय?"

"हाथ-पैर दर्द. आँख पीली. अभी... अभी बोलती नहीं."

"कधीपासून बोलत नाय?"

"दोपहर से."

रत्नमालाचा आवाज तेवढा एकदाच हलला. "आधी काय इलाज केला?"

आत पावलं दाराजवळ आली. मग, "डाग दिया. मेरी अम्मी बोली. मैंने दिया."

"दार उघड. डॉक्टरला बघू दे."

कडी वाजली. नबील आडवा आला असावा, काहीतरी अरबीत बोलणं झालं, आणि दार किलकिलं झालं. अरवा उभी होती. रत्नमाला मातीतून उठली नाही. तिनं बसल्या बसल्या पदर बाजूला सारला आणि पोटावरचं लुगडं खाली ओढलं. बेंबीच्या वर काळपट सुरकुतलेले ठिपके, ओळीनं. बिब्ब्याचे डाग.

"माझ्या आजीनं दिलेत. पोट फुगायचं म्हणून. लई जीव होता तिचा माझ्यावर." ती मराठीतच बोलत होती. "म्या नर्स झाले आन् गावोगाव बायकांना यावरून शिव्या घातल्या. तुलाबी घालणारे. पण आज नाय. हवालदाराला मी हेच पोट दाखवते. चल."

अरवाला त्यातलं किती समजलं कुणास ठाऊक. ती ठिपक्यांकडे बघत राहिली. मग वळली आणि बुशराला उचलून बाहेर आली. नबील भिंतीला टेकून उभा होता. तो चादर मागून सावरत आला.

उजेडात मी पोरीचं तोंड पाहिलं. तोंडाची उजवी बाजू ओघळल्यासारखी झाली होती. रत्नमालानं तिचा उजवा हात उचलला आणि सोडला. तो तसाच खाली पडला. रत्नमालानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, म्हणजे आता काही बोलू नका.

परतीच्या रिक्षात ती सगळा वेळ बुशराच्या कानाशी बोलत होती. "करमाड आलं बरं. हाफ तिकीट काढलंय ना? झोपायचं नाय, तिकीट चेकर येतोय."

दवाखान्याच्या दारात हवालदार उभाच होता. शोधाशोध करून वैतागलेला. "आले का? चला आधी चौकीत."

"आधी रक्त," रत्नमाला म्हणाली. "मग जबाब. मी लिहून देते, मी इथून हलत नाय. माझंबी पोट बघायचंय का? बघा. माझ्या आजीला अटक करा, मसनात जाऊन." आणि आयुष्यात पहिल्यांदा ती अरवाच्या पुढे होऊन आत घुसली. मीही घुसले. वॉचमननं अडवलं तेव्हा मी त्याला इंग्रजीत काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रक्त चढलं. बुशरा जगली. डॉक्टर म्हणाले, मेंदूकडचा रक्तपुरवठा मधे तुटला असणार. दुपारीच रक्त मिळालं असतं तर? डॉक्टरांनी खांदे उडवले. मी पुन्हा विचारलं नाही, आणि रत्नमालानं तर पहिल्यांदाही विचारलं नव्हतं. बोलणं हळूहळू परत आलं, तुटक. उजवा हात आला नाही. दर महिन्याला रक्त लागतं. केस मिटलेली नाही. बोलावलं की अरवा चौकीत जाऊन बाकावर बसते आणि तासन्‌तास बसून परत येते. नबील आमच्याशी बोलतो, पण पूर्वीसारखं नाही. ताइझच्या आजीला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, डागानं गुण आला.

कितीतरी दिवस त्या घरातून आरडाओरडा ऐकू आला नाही. मशीनवर साहेबरावांनी चादर टाकून ठेवली होती. मी जाऊन भांडले. म्हटलं, बंद करून कुणाचं भलं करतेस? रत्नमाला म्हणाली, "मॅडम, आता मी काय शिकवू? सांगा म्हणू का लपवा म्हणू?" मी आणखीच भांडले.

शेवटी अरवानंच एका नव्या बाईला आणलं. कडेवर तान्हं मूल. साहेबरावांनी चादर काढली. बुशरा मशीनशेजारी खुर्चीत होती. तिनं डाव्या हातानं चिमटा घेतला, पण तो दाबायला डावा हात पुरेना. साहेबरावांनी तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवून दाबला. आवाज आला. ती हसली नाही. त्यांच्याकडे बघून म्हणाली, "मैं... करती." त्यांनी मूठ काढून घेतली.

नवी बाई पडद्याआड गेली. मुलाचं अंगडं वर करून तिनं काहीतरी विचारलं. अरवानं हिंदीत सांगितलं, "आंटी, ये पूछती है... ये दिखाना?"

बाळाच्या पोटावर दोन डाग होते. जुने, पिवळसर झालेले.

रत्नमाला त्या डागांकडे बघत राहिली. डॉक्टरचा आंबट चेहरा तिला त्या दिवशी करता आला नाही. मग तिनं स्टेथोस्कोप काढून उशीखाली ठेवला आणि पायात चपला सरकवल्या.

"दाखवायचे," ती म्हणाली. "पण मी आत येणार."

आता ती बाकावर बसत नाही. दवाखान्यात एका पेशंटबरोबर एकच नातेवाईक सोडतात आणि रत्नमाला कुणाची नातेवाईक नाही. वॉचमन तिला रोज हटकतो. ती तपासणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहते, एक चप्पल दारात अडकवून, म्हणजे दार लागत नाही. डॉक्टर ओरडतात. ती ऐकून घेते आणि पाय काढत नाही.